प्रवासाची आठवण नीडलपॉइंटच्या लटकनात: चित्र निवडण्यापासून दोरी लावेपर्यंत

तुमचा प्रश्न मला असा समजला. घरातली सगळी मिळून दरवर्षी एक मोठा प्रवास करता आणि यापुढे दर प्रवासाचं एक छोटं नीडलपॉइंटचं, म्हणजे जाळीदार कॅनव्हासवर टाक्यांनी भरलेल्या चित्राचं, लटकन करून ठेवायचं मनात आहे. पहिल्यासाठी समुद्रकिनाऱ्यावरच्या लाल-पांढऱ्या दीपगृहाचा फोटो घेतलात, ॲपमधून त्याचा टाक्यांचा नकाशा काढलात, त्यात अडतीस रंग निघाले आणि थोडं भरून झाल्यावर दीपगृह ओळखूच येईना. आता कॅनव्हास आणखी बारीक घ्यावा का, धागा कुठला वापरावा आणि पुढच्या प्रवासाआधी काम होईल का, हे विचारलं आहे.

कॅनव्हास बदलून हा प्रश्न सुटणार नाही. चित्रात काय राहील आणि काय जाईल हा निर्णय तुम्ही ॲपवर सोपवलात, अडचण तिथे आहे. हिशोब करून बघा. १८ काउंटच्या कॅनव्हासवर एका इंचात १८ टाके बसतात. चार इंच व्यासाच्या गोल लटकनात मधोमध आडवे मोजले तर फक्त ७२ टाके. दीपगृह त्यातले पन्नासेक टाके उंच झालं तर त्याच्या दिव्याच्या खोलीला जेमतेम सहा टाक्यांची रुंदी मिळते. फोटोत त्या खोलीला काच आहे, काचेला चौकट आहे, चौकटीवर उन्हाची तिरीप आहे. ॲप हे सगळं सहा घरांत कोंबायला जातं, प्रत्येक घरात आजूबाजूच्या रंगांची सरासरी काढतं आणि तुमच्या हाती राखाडीच्या अकरा छटा येतात. जवळून बघितलं तर ठिपके, लांबून बघितलं तर धुकं.

त्यामुळे पहिला निर्णय चित्राचा. बाकीचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर आहे: डोळे किती साथ देतात, हातात वेळ किती, लटकन कुठे टांगणार, लहान मुलं ते हाताळणार का. मी माझ्या कामात कसा विचार करते ते सांगते. त्यातलं तुम्हाला लागू पडेल तेवढं घ्या.

प्रवासाहून आल्यावर दोन-तीन आठवडे मी काहीच काढत नाही. त्या दिवसांत लोक भेटतात, विचारतात, आणि आपण तीच तीच गोष्ट सांगत राहतो. कधी ती बोटीवर उडून गेलेल्या टोपीची असते, कधी उतरलो त्या घराच्या निळ्या दाराची, कधी चुकलेल्या शेवटच्या बसची. लटकनाचा विषय त्या सांगण्यात असतो. प्रसिद्ध वास्तूचं चित्र रंगवलेला तयार कॅनव्हास कुणालाही विकत मिळतो. तुम्ही स्वतः काढायला बसलाच आहात तर त्यात असं काहीतरी हवं जे दुसऱ्या कुणी निवडलं नसतं. अर्थात दहा वर्षांनी पाहुण्याला ‘हे कुठलं?’ असं विचारावं लागू नये असंही वाटतं. म्हणून मी साधारणपणे एक मोठा, ओळखीचा आकार घेते आणि त्यात एकच खासगी तपशील ठेवते. डोंगराची रेघ सगळ्यांची, त्याच्या पायथ्याशी असलेला पिवळा तंबू आमचा. तपशील दोन झाले की ७२ टाक्यांत दोघंही गुदमरतात.

विषय ठरला की ॲप बाजूला ठेवा आणि चौकटींचा कागद घ्या. एक चौकट म्हणजे एक टाका. ही पद्धत फार जुनी आहे. १९व्या शतकात बर्लिनहून चौकटींच्या कागदावर छापून हातानं रंगवलेले नमुने युरोपभर जात आणि त्यावरून लोकरीचं काम भरलं जाई. प्रत्येक चौकट हातानं रंगवताना आपोआप विचार करावा लागतो की हिची खरंच गरज आहे का. फोटो समोर ठेवायला हरकत नाही, पण त्यावर कागद ठेवून गिरवू नका. शेजारी ठेवून बघत काढा.

तुमचं दीपगृह मी असं काढेन. मनोरा पायाशी १४ टाके रुंद, वर १० टाके, उंची ४० ओळी. निमुळता होण्यासाठी दोन्ही बाजूंनी फक्त दोनदा एकेक टाका कमी करायचा, म्हणजे १४, मग १२, मग १०. पट्टे प्रत्येकी आठ ओळींचे: लाल, पांढरा, लाल, पांढरा, लाल. वर १४ टाके रुंद आणि दोन ओळी जाड असा गडद सज्जा, त्यावर सहा बाय सहाचा पिवळा चौकोन, आणि डोक्यावर ८, ६, ४, २ अशी उतरत जाणारी लाल टोपी. झाले एकूण ५२. खाली समुद्राला दहा-बारा ओळी राहतात, वर आकाशाला आठेक. रंग सहा: लाल, पांढरा, गडद राखाडी, पिवळा, आकाशाचा निळा, समुद्राचा निळा. सातवा फिकट निळा लाटेच्या एका रेघेपुरता. खिडक्या नकोतच. फार वाटलं तर मधल्या पांढऱ्या पट्ट्यात दोन टाके उंच एकच गडद खिडकी. भरताना हे ओकंबोकं वाटेल, पण हातभर अंतरावरून बघा, दीपगृहच दिसेल.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण नकाशा काढणारे बरेच जण तिच्यापाशी अडकतात. नीडलपॉइंटचा मुख्य टाका म्हणजे टेंट टाका. तो नेहमी खालच्या डावीकडून वरच्या उजवीकडे झुकतो. म्हणून डावीकडून उजवीकडे चढत जाणारी तिरकी रेघ सलग दिसते, कारण एका टाक्याचं टोक पुढच्या टाक्याला भिडतं. उलट बाजूनं उतरणारी रेघ मात्र सुट्या ठिपक्यांसारखी तुटते. कागदावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, कॅनव्हासवर दिसत नाहीत. फुजी पर्वत काढून बघा: डावा उतार सुरीनं कापल्यासारखा येतो, उजव्याला दाते पडतात. यावर माझे दोन उपाय आहेत. चित्रातली सगळ्यात महत्त्वाची तिरकी रेघ शक्यतो डावीकडून उजवीकडे चढती ठेवायची. विमान उडवायचं असेल तर ते उजवीकडे उडवायचं, शिडाच्या बोटीची डोलकाठी उजवीकडे कलती ठेवायची. जिथे जागाच खरी असल्यामुळे आकार उलटा करता येत नाही, तिथे सगळं भरून झाल्यावर दातेरी कडेवरून त्याच रंगाच्या एका बारीक पदराचा लांब सरळ टाका टाकायचा. दाते झाकले जातात आणि कड एकदम शांत होते.

कललेल्या इमारतींचंही असंच. पिसाचा मनोरा आज साधारण चार अंशांनी कललेला आहे. ४० टाके उंचीच्या चित्रात हा कल जेमतेम तीन टाक्यांचा होतो, म्हणजे तेरा-चौदा ओळींनंतर एक घर सरकायचं. एवढा कमी कल बघणाऱ्याला मोजण्यातली चूक वाटतो. इथे खरेपणाचा हट्ट सोडून सहा-सात टाके सरकवा. लहान आकारात थोडी अतिशयोक्ती केली तरच खरं वाटतं.

अक्षरांचं आधीच ठरवा, शेवटी जागा उरेल तिथे घालू म्हणू नका. देवनागरी सुंदर दिसते, पण तिला उंची लागते. शिरोरेषेची एक ओळ, अक्षराच्या अंगाला किमान सहा-सात, वर वेलांटी-मात्रेला तीन, खाली उकाराला दोन-तीन. म्हणजे बारा ते चौदा ओळी गेल्या. सात-आठ टाके रुंदीची तीन-चार अक्षरं बसतात, जोडाक्षर आलं की तेवढीही नाहीत. आकड्यांनाही गोलाई असल्यामुळे पाच टाके रुंद आणि सात उंच एवढी जागा द्या. चार आकडी सालाला मधल्या मोकळ्या जागा धरून २३ टाके, १८ काउंटवर साधारण सव्वा इंच. जागाच नसेल तर पार्श्वभूमी पूर्ण भरून घ्या आणि तिच्यावर एका पदरानं उलट्या धावदोऱ्यासारखा मागे येणारा टाका घालत नाव लिहा. ते कॅनव्हासच्या घरांना बांधलेलं नसतं, म्हणून बरंच लहान लिहिता येतं. मी साल नेहमी पुढे ठेवते आणि ठिकाणाचं नाव मागे. चित्रावरून ठिकाण आठवतं, साल कुणालाच आठवत नाही.

रंगांबद्दल एक आग्रह धरते: रंग प्रवासातच टिपून ठेवा. कॅमेरा कधी संध्याकाळचं आकाश आहे त्यापेक्षा भगवं करतो आणि सावलीतली भिंत निळी. माझ्या वहीत मी शब्दांत लिहिते, ‘भिंत कच्च्या आंब्याच्या गरासारखी, दार शाईचं’, आणि घरी येऊन धाग्यांपुढे बसते. ज्यांच्याकडे रंगांचं कार्ड आहे त्यांनी ते सरळ सोबत न्यावं; डीएमसी या कंपनीच्या सहा पदरी सुती धाग्यात पाचशे रंग आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक आहे, त्यामुळे जागेवरच क्रमांक लिहून ठेवता येतो. चार इंचांच्या लटकनाला सहा ते आठ रंग पुष्कळ झाले. निवडलेले रंग एकमेकांशेजारी ठेवून त्यांचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. दोन शेजारचे रंग तिथे एकसारखे राखाडी दिसत असतील तर कॅनव्हासवरही ते एकमेकांत मिसळतील, मग एक हिरवा असो आणि दुसरा लाल. त्यातला एक फिकट करा किंवा दुसरा गडद.

आता कॅनव्हास. १८ काउंट आणि १३ काउंट हे दोन पर्याय सहसा समोर येतात. ७२ टाक्यांचं चित्र १३ वर भरलं तर ते साडेपाच इंचांचं होतं, म्हणजे लटकन म्हणून मोठंच. चार इंचांतच १३ वापरायचं तर आडवे ५२ टाके मिळतात आणि चित्र आणखी सोपं करावं लागतं. डोळ्यांना ताण पडत असेल तर मी बिनदिक्कत १३ घ्या म्हणेन. साधं चित्र आणि स्वच्छ टाके हे बारीक आणि चुरगळलेल्या कामापेक्षा केव्हाही चांगलं. अक्षरं हवी असतील आणि डोळे ठीक असतील तर १८. याहून बारीक घ्यायची लटकनाला गरज नाही. वीण बघून घ्या: मोनो कॅनव्हासमध्ये उभे-आडवे धागे एकमेकांवरून साधे जातात, इंटरलॉकमध्ये ते एकमेकांत गुंतवलेले असतात. इंटरलॉकच्या कडा कापल्यावर सुटत नाहीत, ही लहान कामात मोठी सोय. मोनोवर भरणं मला जास्त आवडतं, त्याचं कारण पुढे येतं. कुठलाही घ्या, चित्राच्या चारी बाजूंना दोन-दोन इंच मोकळा कॅनव्हास सोडा. चार इंचांच्या लटकनासाठी आठ इंचांचा चौकोन झाला. कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर धागा सारखा तिथे अडकतो.

चित्र कॅनव्हासवर रंगवणार असाल तर रंग पाण्यानं न विरघळणारा हवा आणि त्याची खात्री स्वतः करायची. कोपऱ्यावर रेघ ओढा, पूर्ण वाळू द्या, मग ओल्या पांढऱ्या कापडानं घासून बघा. पेनावर ‘पर्मनंट’ लिहिलेलं असणं पुरेसं नसतं, कारण शेवटी काम ओलं करावं लागतं आणि तेव्हा पांढऱ्या ढगात काळी शाई उतरली तर उपाय उरत नाही. ॲक्रिलिक रंग पातळ करून लावला तर चांगला बसतो, फक्त छिद्रं बुजू देऊ नका. गडद रंग जिथे भरायचा आहे तिथे खालचा कॅनव्हासही त्याच्या जवळच्या रंगानं रंगवा, म्हणजे टाक्यांमधून पांढरे कण डोकावत नाहीत.

धागा काउंटप्रमाणे. १८ वर पर्ल कॉटनचा, म्हणजे पीळदार चमकदार सुती धाग्याचा, ५ क्रमांक किंवा सहा पदरीतले साधारण चार पदर. १३ वर पर्ल कॉटनचा ३ क्रमांक. पर्शियन लोकर तीन पदरांची येते. तिचा १८ वर एक पदर, १३ वर दोन. सुई बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई, १८ साठी २२ क्रमांकाची, १३ साठी २० ची. पण हे आकडे सुरुवातीचे आहेत असं समजा. गडद रंगाला कधी एक पदर जास्त लागतो, आणि हाताची ओढ प्रत्येकाची वेगळी. कॅनव्हासच्या मोकळ्या कडेवर दहा बाय दहाचा तुकडा भरून बघा. जाळी दिसली तर पदर वाढवा, घरं ताणली गेली तर कमी करा. सहा पदरी धागा वापरताना पदर एकेक करून सोडवा आणि मग पुन्हा एकत्र ओवा. तसे ते सपाट बसतात आणि जागा नीट झाकतात. धाग्याची लांबी हातभर, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास. चमकीचा धागा असेल तर ३० च्या पुढे जाऊ नका, तो घर्षणानं लवकर उसवतो.

भरण्याची पद्धत लटकनाच्या आकारावर थेट परिणाम करते. टेंट टाका तीन प्रकारे घालता येतो आणि पुढून तिन्ही सारखे दिसतात. हाफ क्रॉसला धागा कमी लागतो, पण मागची बाजू विरळ राहते. काँटिनेंटल आडव्या ओळीनं जातो, भरीव दिसतो, पण कॅनव्हास तिरका ओढतो. गोल काढलेलं लटकन अंड्यासारखं होतं. बास्केटवीव्ह तिरक्या ओळींनी भरतात आणि मागे चटईसारखी वीण तयार होते, त्यामुळे ओढ दोन्ही दिशांना वाटली जाते. आकाश, समुद्र, मोठी भिंत असलं काही असेल तर बास्केटवीव्हच. काँटिनेंटल फक्त एका ओळीच्या रेघांना आणि अक्षरांना.

मोनो कॅनव्हास आवडण्याचं कारण इथे येतं. त्याची वीण जवळून बघा. जिथे दोन धागे एकमेकांना ओलांडतात तिथे एका ठिकाणी उभा धागा वर असतो, शेजारच्या ठिकाणी आडवा. तिरक्या ओळीत बघितलं तर एका ओळीत सगळे उभे वर, पुढच्या ओळीत सगळे आडवे वर. उभे वर असलेली ओळ वरून खाली भरायची, आडवे वर असलेली खालून वर. एवढं पाळलं की दोन शेजारच्या ओळी चुकून एकाच दिशेनं भरल्या जात नाहीत. तशा भरल्या गेल्या तर पुढच्या बाजूला एक बारीक तिरकी रेघ उमटते, आणि सपाट निळ्या आकाशात ती उजेडात हमखास दिसते. काम थांबवताना ओळ अर्धवट सोडून थांबा. परत बसल्यावर कुठल्या दिशेनं जात होतात ते लगेच कळतं.

सुरुवातीला मागे गाठ नको. गाठ पुढच्या बाजूला, जिकडे भरत जाणार आहात तिकडे इंचभर अंतरावर मारा. मागचा धागा टाक्यांखाली दबत येतो आणि गाठीपाशी पोहोचलात की ती कापून टाका. सुई रिकाम्या घरातून वर काढा आणि भरलेल्या घरात खाली घाला. उलट केलंत तर आधीच्या टाक्याचे तंतू वर ओढले जातात, आणि पांढऱ्या पट्ट्यात लाल लव दिसते. त्याच कारणानं लाल धागा पांढऱ्याच्या मागून ओढत पलीकडच्या पट्ट्यात नेऊ नका. तोडा, नव्यानं सुरू करा. आणि थोड्या थोड्या वेळानं सुई सोडून लोंबकळू द्या, धाग्याचा पीळ आपोआप सुटतो.

नक्षीदार टाक्यांचा मोह होणारच. पाण्याला आडवे लांब टाके, विटांच्या भिंतीला ब्रिक टाका, फुलांच्या ताटव्याला फ्रेंच गाठी, हे सगळं शोभतं. माझा नियम एवढाच की नक्षीची एक आवृत्ती चार घरांची असेल तर त्या जागेत निदान तीन आवृत्त्या बसल्या पाहिजेत, म्हणजे बारा घरं. त्याहून लहान जागेत नक्षी नक्षी वाटत नाही, गोंधळ वाटतो. आणि एका लटकनात अशी एकच जागा. तुमच्या चित्रात ती समुद्राची. मनोरा साधाच राहू द्या.

वेळेचा अंदाज माझ्या वेगावरून सांगण्यात अर्थ नाही, तुमचा तुम्हीच काढा. १८ काउंटवर एक चौरस इंच भरा, म्हणजे ३२४ टाके, आणि घड्याळ लावा. चार इंचांच्या गोलाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंचांच्या आसपास आहे, म्हणून जी वेळ येईल तिला साडेबारानं गुणा. एकूण टाके होतात सुमारे ४,०७०. हाच गोल १३ काउंटवर सुमारे २,१२० टाक्यांचा, म्हणजे जवळजवळ निम्मा. तीन इंचांचा केलात तर १८ वर २,३०० च्या आत. बांधणीसाठी दोन-तीन बैठका वेगळ्या धरा, कारण ओलं काम वाळायला वेळ जातोच. उत्तर मनासारखं नाही आलं तर व्यास कमी करा, पार्श्वभूमी घाईनं उरकू नका.

प्रवासातच भरायला घ्यावं का, हेही अनेकांच्या मनात असतं. चालू प्रवासाचं लटकन त्याच प्रवासात करणं मला पटत नाही, कारण विषय अजून पिकलेला नसतो. मागच्या वर्षीचं मात्र जरूर सोबत न्या. रेल्वेत, विमानतळावर मोठी सपाट जागा भरायला छान वेळ मिळतो. अक्षरं आणि बारीक रेघा घरच्या उजेडासाठी ठेवा. कॅनव्हास घडी न घालता गुंडाळा. धागे आधीच कापून रंगवार लावून घ्या, म्हणजे कात्री कमी लागते. हातातल्या सामानात सुई-कात्री चालते की नाही याचे नियम देशाप्रमाणे आणि विमान कंपनीप्रमाणे बदलतात, ते निघण्याआधी बघा. चांगली कात्री तपासणीत सोडून द्यावी लागली तर जीव हळहळतो.

लटकनात खरीखुरी वस्तू गुंफायची कल्पना तुम्ही मांडली आहे, वाळू किंवा शंख. हे मी करत नाही. वाळू टाक्यांतून झडत राहते, शंखाच्या कडा धागा कापतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्या उचलायची परवानगीच नसते. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर किनाऱ्यावरची वाळू, गोटे, शिंपले नेण्यावर २०१७ च्या कायद्यानं दंड आहे. त्याऐवजी मागच्या बाजूला त्या प्रवासातलं कापड लावा: फाटलेला स्कार्फ, मुलाचा लहान झालेला शर्ट. मागच्या कापडावर छोटा खिसा शिवून त्यात तिकीटही ठेवता येतं. फक्त उष्णतेनं छापलेलं गुळगुळीत तिकीट असेल तर त्यावरची अक्षरं काळानं उडतात, म्हणून त्याची साध्या कागदावर प्रत काढून ती ठेवा.

पुढे दरवर्षी करायचं आहे म्हणून एक काम पहिल्याच वेळी करा. व्यास, काउंट, काठाचा रंग आणि साल कुठे येणार हे ठरवून वहीत लिहून ठेवा आणि मग ते बदलू नका. माझ्याकडे काठाला दोन ओळींचा एकच गडद निळा असतो, चित्र काहीही असो. एकत्र टांगल्यावर ती लटकनं एका घरातली दिसतात. चित्रात मग हवी तेवढी मोकळीक घ्या. त्या काठाच्या निळ्याच्या दोन-तीन लडी एकदमच घेऊन ठेवा, कारण एकाच क्रमांकाच्या धाग्यातही रंगाईच्या वेगवेगळ्या घाण्यांत किंचित फरक असू शकतो.

आता बांधणी. भरताना कडेच्या बाहेर काठाच्याच रंगाच्या दोन ओळी जास्त भरा. त्या दुमडीत जातात आणि कडेला कोरा कॅनव्हास दिसत नाही. भरून झालं की काम किंचित ओलं करा, गंज न लागणाऱ्या टाचण्यांनी पाटावर चौकोनी ताणून लावा आणि सपाटच पूर्ण वाळू द्या. रेशीम किंवा चमकीचा धागा असेल तर आधी एका तुकड्यावर पाण्याची परीक्षा घ्या. मग अर्धा-पाऊण इंच कॅनव्हास सोडून गोल कापा. मोनो असेल तर कापण्याआधी त्या रेघेवर मशीनची नागमोडी शिवण मारा.

आम्लरहित जाड पुठ्ठ्याचे दोन गोल कापा. पुढच्या गोलावर पातळ रुईचा एकच थर द्या. जास्त दिला तर लटकन बिस्किटासारखं फुगतं आणि चित्राच्या कडा मागे पळतात. कॅनव्हासच्या कडेला मजबूत दोऱ्यानं धावदोरा घाला, पुठ्ठ्यावर ठेवून ओढून घ्या, चुण्या सारख्या वाटा आणि मागून आडवेतिडवे टाके घालून घट्ट करा. मागच्या कापडाचंही तसंच. दोन्ही पाठीला पाठ लावून कडेनं बारीक टाक्यांनी शिवा. पहिल्या लटकनाला गोल किंवा अंडाकृतीच बरी. बोट, विमान, सूटकेस अशा कापीव आकारांना आत जाणारे कोपरे असतात आणि तिथे कॅनव्हास दुमडणं फार जिकिरीचं असतं.

सांधा झाकायला पिळाची दोरी. चार इंचांच्या गोलाचा घेर साडेबारा इंच, वर टांगायला फास, म्हणून तयार दोरी अठरा इंच धरा आणि धागे तिच्या तिप्पट, म्हणजे चोपन्न इंच घ्या. एक टोक खुंटीला अडकवा, दुसरं पिळत राहा, सैल सोडल्यावर आपसूक वेटोळं पडेल इतकं पिळा. मग मधोमध धरून दुमडा, ती स्वतःभोवती गुंडाळली जाते. टोकं लगेच बांधा. दोरी तळापासून शिवायला सुरुवात करा, दोन्ही बाजूंनी वर या, फास सोडा आणि टोकं सांध्यात दडपून टाका. वर टांगण्याचा भार दोरीवर पडतो, म्हणून तिथले चार-पाच टाके पुठ्ठ्याच्या मागून कॅनव्हासमध्ये घ्या, नुसत्या कापडात नको.

टांगायची जागा उन्हाच्या थेट झोताची नको, लाल आणि जांभळे रंग आधी उतरतात. मागच्या कापडावर ठिकाण, महिना आणि कोण कोण होतं ते धुतलं तरी न जाणाऱ्या शाईनं, कापड शिवून बंद करायच्या आधीच लिहा. शिवल्यावर फुगीर पाठीवर अक्षर नीट येत नाही.